त्रेपन्न मिनिटं

हिल्येनं आधी गाणी ऐकलीच नाहीत,
घड्याळ बघितलं.
त्रेपन्न मिनिटं, म्हणाली, दोन बाजूंत मावायची नाहीत.
मावतील, पण कोंबून.
रेघेला रेघ खेटवावी लागेल, आवाज उतरवावा लागेल,
आणि तुझा डबल बास (इथं तिनं माझ्यासमोर
मूठ हळूहळू मिटली)
अंग चोरून बसेल कोपऱ्यात,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.
तबकडीवर रेघ कोरणारी
तार्तूत तीच एक उरलीय. तिचं ऐकावं लागतं.

बाजूला बावीस मिनिटं. वीस असली
तर मी तुम्हाला दुवा देईन, म्हणाली,
आणि सूप गरम करायला निघून गेली.

उर्मास म्हणाला, तबकडीच नको मग.
फोनमध्ये काळाला काठ नसतो.
तूलीनं त्याच्याकडं असं पाहिलं
की तो आपल्या ड्रमचे स्क्रू पिळत बसला.
तीन हिवाळे पदरमोड केली होती आम्ही,
एकेका गाण्याला कुणी ना कुणी आईबाप होतं:
पाचव्यात तूलीचा घटस्फोट,
नवव्यात उर्मासचा एकुलता एक सोलो,
आणि पहिलं, टाळ्या घेणारं, ते माझं,
नमनालाच दोन मिनिटं घडाभर तेल.
त्याचा विषय कुणी काढला नाही.
मीही नाही.

शनिवारी सगळं घेऊन कल्लास्तेला गेले,
सरोवराकाठी, बाबांकडे.
फेदोत कांद्याच्या माळा ओवतात, ब्रीमला धुरी देतात.
गाणं त्यांना ठाऊक ते प्रार्थनाघरातलं,
जिथं वाद्याला दाराच्या आत मज्जाव.
पहिल्या गाण्यात त्यांनी माळ ओवली.
दुसऱ्यातही.
तिसऱ्यात विचारलं, हे अजून तेच का?
चौथ्यात हात मंदावले,
पाचव्याला झोपले, कांदा मांडीवर तसाच.
मी बंद केलं नाही.
तूलीचा घटस्फोट त्यांच्या मिशांवर
निवांत वरखाली होत राहिला.

दहावं संपता संपता जागे झाले.
चांगलंय, म्हणाले. झोप लागली.
फेब्रुवारीपासून लागली नव्हती. गुडघा.
अकरावं वाजलंच नाही. त्यांना चहा हवा होता.

परतीच्या बसमध्ये हिशेब केला,
मग पुन्हा केला, कारण उत्तर आवडलं नव्हतं.
जागेपणीची चार: सतरा मिनिटं.
झोपेतली सहा: एकोणतीस.
न ऐकलेलं एक: सात.
माणूस ज्यात झोपला ते काढायचं
असं कुणीही सांगेल.
पण कांदा हातात असताना
बाबांना झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी तालमीला सांगितलं:
अकरावं काढा. आणि पहिलं.
तूली माझ्याकडं बघत राहिली.
उर्मासनं आपल्या सोलोतलं अर्धं मिनिट
कुणी न मागता काढून दिलं,
ताटातला बटाटा शेजाऱ्याला द्यावा तसं.
साडेअडतीस.

दुखतं अजून, खोटं कशाला बोलू.
थांब्यावर उभी असले की ते नमन
बोटांत येतं, कोटाच्या खिशात,
आणि जागा नाही म्हणून परत जातं.

हिल्येनं कोरलं. शेवटच्या गाण्यानंतर
रेघ आत आत गेली
आणि स्वतःलाच मिळून गोल झाली.
विचारलं, या रेघेची लांबी काय लिहायची?
लिहीत नाहीत, ती म्हणाली, चष्मा पुसत.
कुणी उठून सुई उचलेपर्यंत.

एक प्रत कल्लास्तेला पाठवली, जुन्या प्लेयरसकट.
शेजारची अगाफ्या फोनवर सांगत होती,
फेदोतच्या खिडकीतून पहाटेपर्यंत
टक, टक, टक येत होतं म्हणे.