रस्त्याची हमी नाही

इंदूरच्या लोहामंडीत एकतीस वर्षं
मी ट्रकचे पाटे बनवले.
लाल करायचा, वाकवायचा, तेलात विझवायचा,
मग पुन्हा जरा ऊब द्यायची,
नाहीतर काचेसारखा उडतो.
गिऱ्हाइकाला आधीच सांगायचो,
वजनाची हमी माझी, रस्त्याची नाही.

आता एक कमान माझ्याच पोटात आहे.

आधी तिथं फुगा होता, मला पत्ता नव्हता.
दुपारी आडवा पडून पोटावर पेपर ठेवला
की पेपर हलायचा.
प्रमिला म्हणाली, अहो, पंखा तर बंद आहे.
मग दोघंही बघत राहिलो,
सोन्याचे भाव वर-खाली होत होते.

मांडीच्या सांध्यातून आत सारली म्हणे,
कापडाची नळी, तिला तारेची कडी शिवलेली.
बाहेर मिटलेली, आत गेल्यावर उमललेली.
हा धातू घडी विसरतो, आकार विसरत नाही.
असला माल मला
एकदा तरी मिळायला हवा होता.

वर्षानं पुन्हा बोलावलं.
शगुफ्ता नावाची मुलगी छातीवर तारा चिकटवत म्हणाली,
काका, श्वास रोखा.
रोखला.
उरलेलं काही रोखता येईना,
आणि तिला तेच हवं होतं.
एका ठोक्याचे दहा तुकडे,
दर तुकड्याचं एक चित्र.

डॉक्टर पोरवालांनी ती जोडून पडद्यावर चालवली.
वरचं कडं उघडतं, मिटतं,
जरा खाली उतरतं, जरासं वळतं,
जागेवर येतं.
एखाद मिलिमीटर, ते म्हणाले, तेवढंच.

तेवढंच म्हणजे काय ते मला विचारा.
पाटा हातभर वाकून तुटत नाही.
तुटतो मधल्या बोल्टाच्या भोकाशी,
जिथं काही हलतंय असं वाटतच नाही.
मानपूरच्या घाटात, भरलेल्या गाडीखाली,
रात्री दोन वाजता.
तुटलेला तुकडा आणून देत लोक.
अर्धी भेग जुनी, गंजलेली, अर्धी चकचकीत.
म्हणजे गाडी कित्येक महिने
अर्ध्या पाट्यावर चालली होती
आणि ड्रायव्हर गाणी लावून बसला होता.

घसरली तर?
हलणं वेगळं, घसरणं वेगळं, डॉक्टर म्हणाले.
हलू द्या. ती हलते म्हणजे नस अजून कडक झालेली नाही.
मूत्रपिंडांच्या फाट्याखाली होती, तिथंच आहे.
बाहेरचा फुगाही आक्रसतोय.
आणि तार? मी विचारलं.
तिला पाण्यात बुडवून यंत्रात धडधडवतात,
चाळीस कोटी वेळा,
दहा वर्षांचं काम काही महिन्यांत.

घरी येताना नवलख्याच्या सिग्नलला हिशेब करून पाहिला.
जुळतो.
म्हणजे कुठल्याशा शेडमध्ये, कोमट पाण्यात,
मी एकाहत्तरपासून एक्क्याऐंशीपर्यंत
एकदा जगून झालोय.
जिना नव्हता त्या दहा वर्षांत, खोकला नव्हता,
धाकट्याचं भांडण नव्हतं, मेहुणीच्या लग्नातला नाच नव्हता.
रस्ता कुठला धरला होता, हे विचारायचं राहिलं.

इस्माईल हातोडीनं पाटा वाजवून सांगायचा.
चांगला असला तर टण्ण,
थकला असला तर बद्द, ओल्या मडक्यासारखा.
तोंडावर काही दिसायच्या आत त्याला ऐकू यायचं.
त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
आणि इथं हातोडी मारणार कुठं?

रात्री आडवा पडतो. पोटावर पेपर.
हलत नाही.
सोन्याचा भाव जागच्या जागी.
खाली मात्र उघड-मीट, उघड-मीट,
कापडावर तार, तारेवर टाका,
टाक्यावर मी.

काय ऐकताय एवढं, प्रमिला विचारते.
घाट चढतेय, मी म्हणतो.
ती पेपर उचलते, चार घड्या घालते,
उद्या डब्याखाली घालायला होईल म्हणते,
आणि दिवा घालवायला उठते.