पोचा

भाचीची सायकल मागून घेतली, एकवीस गिअरची.
मला दोनच ठाऊक : दम आहे, दम नाही.
सकाळी साडेसहाला डेक्कनचा सिग्नल लाल होता
आणि थांबलो होतो आम्ही दोघीच, मी आणि फिलोमिना.

आधी पाताळेश्वर.
चपला काढल्या. दगड अजून रात्रीइतका गार.
हजारभर वर्षांपूर्वी कुणी कातळ आतून कोरायला घेतला
आणि मध्येच छिन्नी खाली ठेवली.
घाव तसेच आहेत,
उद्या येतो सांगून गेलेल्या माणसाचे.
फिलोमिना म्हणाली, आमच्या बाथरूमचा गवंडी.

शनिवारवाड्याच्या दारावर खिळे,
हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर.
दोन खिळ्यांमध्ये एक कबुतर निवांत.
सायकल इथे लावू नका.
मग कुठे?
ते मला विचारू नका.
आत नुसती जोती. आगीनं जे ठेवलं
तेवढंच राखलंय, हिरवळ लावून.

वानवडीला शिंदे छत्री.
पाऊस नाही, ऊनही नाही,
आणि छत्रीखाली एकजण कायमचा थांबलेला.
आम्ही पायरीवर बसून थालीपीठ खाल्लं.

मग मुंढवा. जिथे बाटल्यांची झाकणं व्हायची
त्या शेडमध्ये आता जुन्या गाड्या.
तिकीट दीडशे, ज्येष्ठांना शंभर.
मी आधार कार्ड शोधायला लागले तर पोरगा म्हणाला,
राहू द्या, दिसतंय.

लॅम्ब्रेटा. साइडकारवाली एक लष्करी फटफटी.
सोंडेसारखं नाक काढलेला तीनचाकी टेम्पो.
आणि चौथ्या रांगेत, दोरीपलीकडे, काळी ऑस्टिन.
नंबर वाचायची गरज नव्हती, तरी वाचला : छत्तीस अकरा.

ही डॉक्टर एडलजींची.
म्हणजे खरं तर आप्पांची,
कारण एडलजी मागे बसायचे.

एकाहत्तर साल, नाना पेठ,
पंचवीस पैसे तासाची सायकल,
मी नऊ वर्षांची, नळीखालून पाय घातलेला.
ब्रेक होता, दुकानदाराच्या बोलण्यात.
थेट मागच्या दारावर.
चहाच्या बशीएवढा पोचा.
आप्पांनी आधी सायकल उचलली, मग मला
(सायकल भाड्याची होती),
आणि संध्याकाळी टोपी हातात घेऊन डॉक्टरांना म्हणाले,
वळवताना खांबाला लागली, साहेब. माझी चूक.
चौदा वर्षांतली पहिली.

तीन पगारांतून पाच पाच रुपये गेले.
पोचा मात्र राहिला, कुणी काढला नाही.
मला ते ओरडले नाहीत.
फक्त रोज सकाळी गाडी पुसताना
त्या जागी फडकं जरा हळू फिरायचं.

मी दोरीवरून वाकले.
दार आरशासारखं. त्यात माझं हेल्मेट,
माझी मान, वरचा ट्यूबलाइट.
पोरगा हौसेनं पुढे आला.
एक ओरखडा दाखवा मॅडम, तिकीट परत.
इथे केवढा पोचा होता! कुण्या ड्रायव्हरची करामत.
तो काढायलाच बारा दिवस गेले.

दगडाला बरं असतं.
त्याला कुणी नीट करत नाही.

म्हणाले, ड्रायव्हरची नाही.
तो हसला, पुढच्या गाडीकडे वळला.

दाराशी अभिप्रायाची वही, दोरीला बांधलेलं पेन.
माझ्या वर कुणी लिहिलं होतं :
संग्रह उत्तम. पंखे हवेत.
मी खाली लिहिलं :
छत्तीस अकराचं मागचं दार मी ठोकलं.
गेनबा शेलार यांनी नाही.
तारीख घातली. पेन मध्येच अडलं,
तेव्हा 'नाही' दोनदा गिरवावं लागलं.

बाहेर फिलोमिना चाकात हवा भरत होती.
एवढं काय लिहीत होतीस?
काही नाही, म्हटलं. पंख्यांचं.