मिठाची बाई

चोपड्याहून फेरीबोट सुटायची साडेसातला.
डिझेलचा वास, टोपल्यांतली मासळी, माझी शाळेची पिशवी.
पलीकडे शिवोली. तिथं सिस्टर एर्मेलिंदा
शुक्रवारी शेवटच्या तासाला वाईट बायका शिकवायची.

एकीनं मांडीवर निजलेल्या पुरुषाचे केस कापवले.
एक राणी डोळ्यांत काजळ घालून खिडकीत बसली,
कुत्र्यांनी तिचे तळहात तेवढे शिल्लक ठेवले,
तळपाय, आणि कवटी.
एकीनं नाचाच्या मोबदल्यात ताटात मुंडकं मागितलं.
‘काजळ,’ सिस्टर पुन्हा म्हणायची, आणि माझ्याकडे बघायची.
वर्गात काजळ घालून येणारी मी एकटीच.

घरची यादी वेगळी होती.
जत्रेच्या रात्री देवळात हरिदासबुवा सांगत
स्तनाला विष लावून आली ती,
रानात आपणहून लग्नाचं विचारलं म्हणून नाक गेलं ती,
दोन वर मागून घर मोडलं ती.
मला वाटे, नदीच्या दोन्ही काठांवर मिळून
या बायकांचं एकच गाव असावं,
आणि त्याही फेरीतूनच ये-जा करत असाव्यात,
तिकिटाचे पैसे पदराच्या गाठीला बांधून.

पण जी मनात राहिली तिनं काहीच केलं नव्हतं.
गाव जळत होतं. बजावलं होतं, मागे बघू नका.
तिनं बघितलं.
मिठाचा खांब झाली.
मी हात वर केला. तिचं नाव काय, सिस्टर?
पानं पुढं-मागं चाळून सिस्टर म्हणाली, दिलेलं नाही.
मग डस्टर आपटून,
नाव काय करायचंय? धडा लक्षात ठेव.

धडा मला पटला नाही, कारण मीठ मला ठाऊक होतं.
आगरवाड्याला माझ्या आईच्या पोटऱ्यांवर
मार्चपासून पांढऱ्या रेघा उमटायच्या.
मीठ असं रागानं, एका क्षणात होत नाही.
मानस उघडून भरतीचं पाणी घ्यायचं,
एका कोंडीतून दुसरीत, उथळ, आणखी उथळ.
त्याआधी तळ पायांनी चोपून गुळगुळीत करायचा.
मग वाट बघायची. ढग बघायचा.
लाकडी फळीनं ओढताना ते कुरकुरतं,
कुणाच्या तरी बांगड्या फुटल्यासारखं.
एका बाईएवढं मीठ करायला
सात बायकांना किती दिवस, मी घरी हिशेब मांडला.
आई भाकरी थापता थापता हसली.
‘त्यांच्या देवाकडे गडी जास्त असतील.’

भाटकाराची वही मी एकदा पाहिली होती.
चार गडी, चौघांची नावं.
त्याखाली, बायका सात.

मग एका वर्षी मानस कुजली, बांध फुटला,
आणि कुणी दुरुस्तीला आलं नाही.
शेवटच्या दिवशी आई फळी खांद्यावर घेऊन
रस्त्याला चढत होती. मी म्हटलं,
आई, मागे बघू नको.
कुणाचा आवाज माझ्या तोंडून आला, कोण जाणे.

ती थांबली. पूर्ण वळली, सावकाश.
पाण्याखाली गेलेली एकेक कोंडी बघत राहिली,
घर सोडताना उंबऱ्यावरून
चूल विझलीय ना बघतात, तशी.
बगळे उठले, बसले.
काही झालं नाही.
गालांवरून जे उतरलं
ते हनुवटीशी येऊन वाळलं, एवढंच.

आता फेरी नाही. पूल आहे, दोन मिनिटांत शिवोली.
मीठ पिशवीतून येतं, बारीक,
पावसातही न पाझरणारं.
आमटीत चिमूट टाकताना कधी कधी
मी मुद्दाम मान वळवून मागल्या दाराबाहेर बघते.
तिथं कुणी उभं असलं तर
हाक काय मारायची, हा प्रश्न उरतोच.
म्हणून आईचं नाव उसनं देते.
द्वारकी, म्हणते. द्वारकी, आत ये.