सहा हजार ओहम

श्रीमंतीत चालतेय तुमची गाडी, म्हणाला हरविलास,
सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवून
काजळ दाखवत.
मला हसू आलं. सत्तावीस डबे, हाताखाली दोन बायका,
माधवगंजात भाड्याचं स्वयंपाकघर,
आणि श्रीमंत कोण, तर ही जुनी व्हॅन,
जी लिटरला नऊसुद्धा देत नाही आता.

पडावावरच्या दुकानात आधीच अडीच हजार मोजून आले होते.
त्यांनी धुराच्या नळीतला सेन्सर बदलला,
म्हणाले, हाच खोटं बोलतो.
धूर तसाच. वासही तसाच.
वहिनी, पोळ्यांना पेट्रोलचा वास येतो,
शिंदे की छावणीतून दोनदा फोन.

हरविलास कुशवाहला घाई नसते.
जिन्सी नाल्याजवळ, टिनाच्या सावलीत,
त्याने पुढची सीट उलटली, तीन प्लग काढले,
जुन्या पेपरावर ओळीत मांडले.
तिन्ही काळे, कोरडे, चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखे.
"एक काला होता तो उसकी गलती थी।
तीनों हैं, तो हुकुम ऊपर से आ रहा है।"

मग फिल्टर झटकला. धूळ होती, पण आपल्या गावाइतकीच.
रेग्युलेटरची बारीक नळी उपसून हुंगली: कोरडी.
दाब मोजला. ठीक.
स्वतःशीच मान हलवली आणि विडी शोधली,
मग पेट्रोलचं डबडं आठवून परत खिशात ठेवली.

मी बाकावर विणत बसले होते.
मे महिना, पंचेचाळीस अंश,
कुत्रं ओल्या पोत्यावर पसरलेलं,
लोकर घामाने सुईला चिकटत होती.
"ये किसके लिए?"
मुलासाठी. चेन्नईला असतो.
त्याने माझ्याकडे पाहिलं, लोकरीकडे पाहिलं,
आणि पाना बदलला.

इंजिनाच्या अंगातून त्याने पेरभर पितळ काढलं.
चहावाल्याचं पातेलं मागवलं, पाणी चढवलं,
मीटरच्या दोन तारा जोडून
ते पितळ दोऱ्याने आत सोडलं,
अंडं उकडायला सोडावं तसं.
"अब देखना। गरम पानी में तीन सौ पे आना चाहिए।"
पाणी खळखळलं. वाफ त्याच्या भुवयांपर्यंत आली.
आकडा सहा हजारावर बसला होता तो बसलाच,
मुहूर्त टळला तरी न उठणाऱ्या व्याह्यासारखा.

सहा हजार म्हणजे काय?
"मतलब बरफ, भाभी।
ये बोल रहा है, बरफ जमी है।
और अंदर वो डिब्बा बैठा है, बेचारा, उसने बाहर देखा नहीं कभी,
मान लेता है।
तेल डालता है, डालता जाता है,
कि गाड़ी ठिठुर न जाए।"

त्या डब्याचा राग काही करवेना मला.

सहावीत असताना न्यूमोनिया झाला होता माझ्या मुलाला.
जानेवारी. धुकं असं, की आठ दिवस किल्ला दिसला नव्हता.
मी त्याच्या पायांना मोजे घालत होते,
त्यावर माझे,
त्यावर ह्यांचे.

नवं पितळ तीनशे चाळीसचं.
हरविलासने बसवलं, चावी फिरवली,
पहिल्यांदा खोकली, एक काळा ढेकर दिला,
मग आवाज खाली खाली येत
जेवून उठलेल्या माणसासारखा शांत झाला.
जुनं मी मागून घेतलं. तो म्हणाला, काय कराल?
काही नाही, म्हटलं. असू दे.

रात्री फोन आला. तिकडे पंखा फिरत होता, ऐकू येत होता.
जेवलास का, विचारलं. पुढचं विचारायचं होतं,
ते विचारलं नाही.

उसवला मात्र नाही.
पाठ झाली होती, छाती झाली होती.
बाह्या तेवढ्या घातल्या नाहीत.