क्रीम कोणी लावलं?

पहिली गोष्ट, किरियाकू वकील म्हणाले,
बाटली टाकू नका.
रिकामी असली तरी. चेपलेली असली तरी.
जेराल्डटनमधलं त्यांचं ऑफिस, पंखा घरघरतोय,
खिडकीबाहेर बंदरावरची धान्याची कोठारं
डिसेंबरच्या उन्हात पांढरीफटक,
आणि मी, मेरिन हॅडो, पोरांना पोहायला शिकवते,
एकोणीस वर्षं तलावाच्या काठावर उभी,
बाटली केव्हाच टाकून बसलेली.

त्यांनी वहीत रेघ ओढली. मग रस्ते सांगितले.
दुकानात जाऊन पैसे परत मागा: बावीस डॉलर, पावती असेल तर.
सरकारी खात्याकडे तक्रार करा,
ते चाचणी घेतील, कदाचित माल परत बोलावतील,
तुम्हाला पत्र येईल. आभाराचं.
एकटीनं दावा लावा, मग कंपनीची माणसं विचारतील
लहानपणी किती वेळा भाजलात, आजोबा कुठल्या देशाचे,
टोपी होती का, कसली, कड किती रुंद.
किंवा सगळ्यांबरोबर या. चारशे बारा जण आहेत,
तुम्ही चारशे तेराव्या.
आणि मुदत तीन वर्षं. ती कधीपासून मोजायची,
झालं तेव्हापासून की कळलं तेव्हापासून,
यावर तर आमचं पोट चालतं, म्हणून ते हसले.
मला हसू आलं नाही.

सूर्याला समन्स काढता येत नाही.
तो रोज वेळेवर हजर, गुन्हा कबूल.
खोटं बोलली ती बाटली.
अंगावर पन्नास लिहून हिंडली, प्रयोगशाळेत सोळा भरली.
मधले चौतीस कुठे गेले विचाराल
तर माझा डावा खांदा बघा,
जिथून डॉक्टरांनी शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी
कापून काढलं, आणि परत थोडं.

रात्री गाडीची डिकी उपसली.
शिट्ट्या, तरंगफळ्या, कुणाची तरी एका पायातली चप्पल,
आणि तळाशी, वाळूत माखलेली, एक.
मागच्या उन्हाळ्यातली.
बुडाशी बॅच नंबर: दोन अक्षरं दिसतात,
पुढचे आकडे तिच्याच क्रीमनं पुसलेले,
चोरानं जाता जाता आपलेच ठसे पुसावेत तसे.
पिशवीत घातली. पिशवीवर तारीख टाकली.
फ्रीजमध्ये ठेवू का विचारलं तर नवरा म्हणाला,
चीजच्या शेजारी नको.

मग फॉर्म. अकरा पानं.
किती वाजता लावलं. किती लावलं, चमच्यात सांगा.
पाण्यातून आल्यावर पुन्हा लावलं का.
मी भरत गेले, शिक्षिकेच्या गोल अक्षरात, खाडाखोड न करता.
सातव्या पानावर एक साधा प्रश्न:
क्रीम कोणी लावलं?

मी.
स्वतःला, मग रांगेतल्या पोरांना.
टॅविशचे कान, तो विसरायचाच म्हणून.
ओडेटची मान, वेणी वर धरून.
त्या दोघा नांगल भावांची नाकं,
हलू नकोस म्हणत, हनुवटी चिमटीत.
पोरं डोळे घट्ट मिटून उभी राहायची,
काय लावतेस हे कुणी विचारलं नाही.
का विचारतील?

त्या रकान्यात एकच ओळ आहे.
मी माझं नाव लिहिलं. बाकीची समासात.
समास संपला तेव्हा कागद फिरवून मागे.

सकाळी किरियाकूंना फोन केला.
हे दाव्याच्या उपयोगाचं आहे, की माझ्याच गळ्याशी येईल?
ते गप्प. पंखा ऐकू येत होता.
मग म्हणाले, गळ्याशी येणार नाही.
नावं द्या, आणि त्यांच्या आयांना सांगा की—
माहीत आहे, मी म्हटलं.

पहिला फोन टॅविशच्या आईला.
कपडे वाळत घालत होती बहुतेक, वाऱ्यात शब्द उडत होते.
सगळं ऐकून घेतलं तिनं, मधे न बोलता.
शेवटी मी म्हणाले, बाटली असली तर टाकू नकोस.
कुठली बाटली, ती म्हणाली,
बाटली तर तूच आणायचीस ना.