दोन मिलिमीटर

भोसरीत, टी ब्लॉकच्या मागच्या गल्लीत
पाच टनांची क्रेन दहाची करायची होती.
खांबाला ब्रॅकेट, ब्रॅकेटला आठ बोल्ट,
वीस वर्षं तेल आणि धूळ खाऊन काळे पडलेले.
मालक म्हणाले, कडेनं वेल्ड मारून टाकू, मॅडम.
बोल्टांची ताकद अधिक वेल्डची ताकद.
सोपी बेरीज आहे.

बेरीज सोपी असती तर मी चार वर्षं
शिवाजीनगरच्या वसतिगृहात ढेकूण मारत बसले नसते.

वीसचा बोल्ट, बावीसचं भोक.
त्या दोन मिलिमीटरांत बोल्टला अजून सवड असते.
प्लेट सरकेल, भोकाची कड अंगाला लागेल,
मग तो उठेल.
वेल्डला सरकणं माहीत नाही.
भार आला की सगळा त्याच्या गळ्यात,
पहिल्या क्षणापासून, एकट्याच्या.
तो फाटेल तेव्हा बोल्टला जाग येईल,
आणि मग सगळं ओझं त्याच्यावर.
दोघे होते.
एका वेळी कधीच नव्हते.

इलाही मुलाणींनी काच वर केली.
"म्हणजे माझं न् भिवाचं."

भिवा काळोखे, बोल्टवाला.
गेल्या गणपतीपासून दोघांचं बोलणं बंद,
एका हरवलेल्या तिसाच्या पान्यावरून.
डबे एकाच बाकावर, तोंडं दोन दिशांना.

भिवा नट पुसता पुसता म्हणाला,
"तेव्हाच मला नीट आवळू दिलं असतं
तर प्लेट सरकलीच नसती."
कोणाला म्हणाला, कळलं नाही.

मी कागदावर लिहिलं:
आत्ता अंगावर आहे तेवढं बोल्टांचं.
क्रेन उचलेल ते सगळं वेल्डचं.
बेरीज नाही.
मालकांनी हिशेब दोनदा वाचला.
"एवढा लांब वेल्ड? मग बोल्ट काढूनच टाका की."
म्हटलं, या घटकेला तुमचा गर्डर कोणी धरलाय?
त्यांनी वर पाहिलं
आणि दोन पावलं मागं सरकले.

गुरुवार. कंपनी बंद, जनरेटरवर काम.
आधी रंग खरवडला, मग गंज,
मग खाली लपलेलं, चमकणारं लोखंड.
मुलाणींचा हात सुईत दोरा ओवल्यासारखा.
स्लॅग टिचकीनं निघाली,
खाली खवले, एकसारखे, माशाचे.
मी नखानं मोजले. मोजायची गरज नव्हती.

रविवारी चाचणी. साडेबारा टन.
क्रेन निघाली, गर्डर कण्हला,
मी शिडीवरून प्लेटला तळहात लावून उभी.
काहीच झालं नाही.
आमच्या कामात याला यश म्हणतात,
आणि त्याचं बिल तीन महिन्यांनी निघतं.

वर, गर्डरच्या धुळीत,
मुलाणींना तिसाचा पाना सापडला.
त्यांनी तो पँटला पुसला, खिशात ठेवला.
खाली भिवा शिडी धरून उभा.
मी म्हटलं, द्या की आता.
"देतो," म्हणाले,
"थोडं सरकू द्या त्याला."