लुनाची वायर

टपाल ऑफिसातली कुंदा नेवारे
पिशवीत विमान घेऊन आली दुकानात.
भाच्याचं जुनं, थर्माकोलचं, पंखाला चिकटपट्टी,
आणि सोबत त्याचा तो दोन दांड्यांचा रिमोट.
"भाऊ, याले एका हाताचं करून देता?"
मी म्हटलं, "कशाले?"
"उडवाले," ती म्हणाली,
जसं काही मी विचारलं होतं
की पाकिटाला तिकीट कशाला.

तिचा डावा हात कोपराखाली संपतो.
कसा, ते गाव दर बाजाराच्या दिवशी विचारते.
मी नाही विचारलं, मले दांड्यांचंच पडलं होतं:
उजवी सोडली की आपोआप मधोमध येते,
डावी जिथं ठेवाल तिथंच बसते, मोटरचा जोर तिच्यावर.
म्हणजे दोन स्वभावांचे दोन हात लागतात.
इथं एकच,
तोही दिवसभर शिक्के मारून आलेला.

आठ दिवस मी डावा हात पट्ट्यात खोचून बसलो.
कथलाची तार दातात धरली, मिशी पोळली.
रिमोट गुडघ्यांत दाबला, तो निसटून चहात.
बायको म्हणे, "हे काय नवीन सोंग काढलं?"
आणि माझ्या शर्टाची बटनं लावून द्यायची, न बोलता.
नवव्या दिवशी हात बाहेर काढला
तर त्यालाच सुचेना, आता काय करू.

परसात मामाची लुना पडून आहे,
चाकांतून बेशरम उगवलेली.
तिची एक्सिलेटरची वायर काढली, रॉकेलनं धुतली.
एक टोक रिमोटच्या पोटात, डाव्या दांडीला,
परत ओढायला बॉलपेनची स्प्रिंग.
दुसरं पाठीवरून, दप्तराच्या पट्ट्यानं, तिच्या डाव्या खांद्याला.
खांदा वर, मोटर वर.
खांदा खाली, मोटर खाली.
शेपूट पंखांसोबतच वळेल असं करून टाकलं,
रिमोट सुपाएवढ्या फळीवर, फळी गळ्यात.
कुंदा म्हणाली, "बांगड्या विकाले निघाल्यासारखी दिसतो मी."

नाल्यापलीकडं, चना निघालेल्या वावरात
पहिल्यांदा धुऱ्यावरच्या बोरीत गेलं.
दुसऱ्यांदा बोरीतच.
तिसऱ्यांदा एका बंडीवर, बैल बुजले,
गाडीवाला जे बोलला ते इथं लिहीत नाही.
फेव्हिकॉल, चिकटपट्टी, पुन्हा फेव्हिकॉल.
चौथ्यांदा ते वर राहिलं.
पळसांवरून हळू, तिरपं,
थोडं भ्यालेलं, थोडं आपल्याच नादात.

पोट्टे जमले, सायकली आडव्या टाकून.
ग्रामसेवकही थांबले, काच खाली करून,
आणि त्यांनी तेच विचारलं:
"बाई, हाताले काय झालं?"

कुंदानं मान वळवली नाही.
नुसते खांदे उडवले.

आणि विमान उडालं,
असं सरळ वर, की घारीनं वाट दिली,
पोट्टे ओरडले, मोटर कोकलली,
ग्रामसेवक अजून उत्तराची वाट पाहत.

हे मी हिशोबात धरलंच नव्हतं,
की माणूस दिवसातून किती वेळा खांदे उडवतो.
संध्याकाळी म्हटलं, एक बटन बसवून देतो, कुलपासारखं,
दाबलं की खांदा मोकळा, मोटरशी संबंध नाही.
ती विमानाच्या पोटातली माती फुंकत होती.
"राहू द्या," म्हणाली,
"विचारनारे काही कमी नाहीत.
तुम्ही बॅटरी तेवढी मोठी टाका."

काल सेलूवरून एकाचा फोन आला.
पोरगं बारा वर्षांचं, त्याचा उजवा नाही.
उजवा नाही म्हणजे सगळंच उलटं करावं लागते,
दांड्या, स्प्रिंगा, पट्टा, माझं डोकंसुद्धा.
या म्हटलं.
मग कंदील घेऊन परसात गेलो.
लुनाची आता
ब्रेकची वायर तेवढी उरली आहे.